जलतरण : रूप नव्हे, सामर्थ्य पाहावे

भंडारा हा तलावांचा जिल्हा. वैनगंगेच्या काठी आणि गावोगावच्या मालगुजारी तलावांच्या सान्निध्यात वाढणाऱ्या मुलांस पोहता येणे ही केवळ हौस नव्हे. ती जीवरक्षणाची विद्या होय. परंतु ‘जाड्या’ किंवा ‘काडीपैलवान’ म्हणून हिणविलेले मूल चारचौघांत सदरा काढण्यास लाजते, पाण्यापासून दूर राहते आणि या विद्येस मुकते.

पाणी कोणाचे रूप पाहत नाही. चरबी पाण्याहून हलकी, तर स्नायू व हाडे जड असतात. म्हणून स्थूल मूल पुष्कळदा सहज तरंगते. पिळदार अंगाच्या मुलास तेथे अधिक प्रयास पडतात. पुढील प्रगती श्वासाचा ताल, हातापायांचा मेळ आणि सराव यांनीच साधते.

शारीरिक व्यंगही येथे आडवे येत नाही. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालील अंग लुळे पडले. तरीही १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर जलतरणात त्यांनी सुवर्णपदक मिळविले.

शिक्षकांनी वर्गातील अशी टोपणनावे प्रथम बंद करावीत. जाणत्या पोहणाऱ्याच्या देखरेखीखाली, उथळ पाण्यात सराव सुरू व्हावा. मूल किती वेळ तरंगले, किती अंतर पोहले, याची नोंद ठेवावी आणि तिची तुलना त्याच्याच मागील नोंदीशी करावी, शेजारच्या मुलाच्या बांध्याशी नव्हे.