कानातला मळ की कानाचं मलम?

१ जुलै २०२२ रोजी देशभरात एकदाच वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या काही वस्तूंवर बंदी आली. फुग्यांच्या काड्या, आइस्क्रीमच्या काड्या, सजावटीचं थर्माकोल, चमचे आणि पेले यांच्या यादीत एक नाव इअरबडचंही होतं. बंदी होती ती प्लॅस्टिकच्या दांडीवर. तिच्या टोकाचा कापूस आणि तो कानात फिरवण्याची सवय यांना कायद्याने हात लावला नाही, त्यामुळे दुकानांत बांबूच्या आणि कागदाच्या दांड्या आल्या आणि कान कोरणं पूर्ववत चालू राहिलं. नाल्यांचा आणि समुद्राचा विचार झाला, तो व्हायलाच हवा होता. ज्या कानासाठी ही काडी विकत घेतली जाते, त्या कानाचा विचार मात्र त्या यादीत नव्हता आणि आपल्या डोक्यातही क्वचितच असतो. दात घासावेत, नखं कापावीत, कान कोरावेत, ही त्रयी आपण स्वच्छतेच्या एकाच खात्यात टाकली आहे. त्यातलं तिसरं नाव खोडायला हवं, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे. कोरल्याने कान स्वच्छ होत नाही. तो तुंबतो, खाजतो, फुटतो, तेव्हा पुष्कळदा त्यामागे हे कोरणंच असतं.

याचा पुरावा कानाच्या रचनेतच आहे. कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसात जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचा बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा, आतले दोन हिस्से हाडाचे. बाहेरच्या हिश्शातली त्वचा जाड असते, तिच्यावर बारीक केस असतात आणि तिच्यात दोन प्रकारच्या ग्रंथी असतात. एका प्रकारातून तेलकट स्राव येतो, दुसऱ्यातून पातळ. त्यात गळून पडलेल्या त्वचेचा कोंडा मिसळला की तयार होतो तो आपण म्हणतो तो मळ. आतल्या हिश्शातली त्वचा कागदासारखी पातळ, थेट हाडाला चिकटलेली. तिथे ना केस, ना या ग्रंथी. म्हणजे पडद्याजवळ मळ तयारच होत नाही. तरीही कान-नाक-घसा तज्ज्ञांना पुष्कळ रुग्णांच्या पडद्यालगत घट्ट बसलेला बोळा दिसतो. तो तिथे पोचला कसा? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: कोणीतरी ढकलला म्हणून. ठासणीच्या बंदुकीत गजाने बार ठासतात, तसंच कापसाची काडी करते. थोडा मळ कापसाला लागून बाहेर येतो आणि उरलेला आत ठासला जातो.

ढकलण्याची गरजही नसते, कारण कानाची त्वचा स्वतःच चालते. हे वाक्य अलंकारिक नाही. पडद्यावर शाईचे बारीक ठिपके देऊन ते काही आठवडे पाहत राहिलं, तर ठिपके पडद्याच्या मध्यापासून कडेला आणि तिथून नळीच्या भिंतीवरून बाहेरच्या दिशेने सरकताना दिसतात. वेग साधारण नखं वाढण्याचा. इतर ठिकाणची त्वचा जागच्या जागी झडते. इथे झडली असती तर अरुंद नळी केव्हाच बुजली असती, म्हणून ती सरकत्या पट्ट्यासारखी बाहेर येते आणि वरचा मळ, धूळ, अडकलेला किडा असं सगळं सोबत आणते. घास चावताना, बोलताना, जांभई देताना जबड्याची हालचाल त्या पट्ट्याला हातभार लावते. ही व्यवस्था नसेल तर काय होतं, ते देवमाशाच्या कानात दिसतं. काही देवमाशांची कानाची नळी बाहेरून बंद असते, त्यामुळे मळ जन्मभर साठत जातो आणि झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे त्याचे थर बनतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ २००७ मध्ये जहाजाच्या धडकेने मेलेल्या एका निळ्या देवमाशाच्या कानातून सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीचा असा दट्ट्या निघाला. त्याचे थर उलगडून शास्त्रज्ञांनी त्या प्राण्याच्या आयुष्यातल्या ताणाचा आणि त्याच्या शरीरात गेलेल्या प्रदूषकांचा लेखाजोखा २०१३ मध्ये मांडला. आपला कान उघडा आहे, त्याला वाट आहे. म्हणून आपल्या कानात मळ साठू लागला, तर पहिला प्रश्न ‘किती साठला’ हा नाही. वाट कशाने अडली, हा आहे.

शिवाय हा पदार्थ निव्वळ टाकाऊ नाही. तो किंचित आम्ल असतो, त्यामुळे जंतूंना आणि बुरशीला तिथे पाय रोवणं जड जातं. तो मेणचट असतो, त्यामुळे अंघोळीचं पाणी त्वचेत मुरत नाही. तो चिकट असतो, त्यामुळे धूळ पडद्यापर्यंत जाण्याआधीच अडकते. तो ओला असेल की कोरडा, हेदेखील स्वच्छतेवर ठरत नाही. जपानी संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की हा फरक एका जनुकातल्या एका अक्षराचा आहे. पूर्व आशियात बहुतेकांचा मळ कोरडा, भुकटीसारखा असतो, आफ्रिकेत आणि युरोपात बहुतेकांचा मधासारखा ओलसर, आणि आपल्याकडे दोन्ही सापडतात. तेव्हा शेजाऱ्याच्या कानात पिवळट ओला मळ दिसला म्हणून त्याला अस्वच्छ ठरवणं, हे कुरळ्या केसांना विस्कटलेले म्हणण्यासारखं आहे. खोट बहुधा शब्दात आहे. मळ म्हटला की तो काढायचा, हे ओघाने आलंच. पण आयुर्वेदात ‘मल’ म्हणजे नुसती घाण नव्हे. दोष आणि धातूंच्या बरोबरीने मल हाही शरीराचा आधार मानला आहे. कानातल्या मळाच्या बाबतीत ती जुनी दृष्टी आपल्या रोजच्या बोलीपेक्षा अधिक अचूक ठरते. त्याला कानाचं मलम म्हटलं असतं, तर एव्हाना आपण ते जपलं असतं.

आता हानीकडे पाहू. कापसाची तयार काडी १९२३ मध्ये अमेरिकेत लिओ गर्स्टेनझँग याने बाजारात आणली, ती तान्ह्या बाळांच्या निगेसाठी. पुढे तिच्या खोक्यांवरच ‘कानाच्या नळीत घालू नये’ असा इशारा छापला जाऊ लागला. जिचा सर्वांत मोठा वापर खोक्यावरच निषिद्ध ठरवलेला आहे, अशी दुसरी वस्तू घरात सापडणं कठीण. त्या इशाऱ्यामागे अनुभव आहे. १९९० ते २०१० या काळातल्या अमेरिकी रुग्णालयांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या एकवीस वर्षांत कापसाच्या काडीने कानाला इजा झाली म्हणून सुमारे दोन लाख त्रेसष्ट हजार मुलं तातडीच्या विभागात आणली गेली, म्हणजे दिवसाला चौतीस. जवळपास तीन चतुर्थांश वेळा निमित्त कान साफ करण्याचंच होतं आणि बहुतेक वेळा काडी मुलाच्या स्वतःच्या हातात होती. आईबाबा रोज करतात ते मूल करून बघतं. हा आकडा परदेशातला, आपल्याकडे काय त्याचं, असं कोणी म्हणेल. कानाची नळी सगळीकडे सारखीच, आणि आपलं शस्त्रागार उलट अधिक भरलेलं आहे: काडेपेटीची काडी, केसांचा आकडा, सेफ्टी पिन, पेनाचं टोपण, दुचाकीची किल्ली. त्यात कोकणपट्टीचा आणि मुंबईचा पावसाळा. मलम खरवडलेल्या, ओरखडलेल्या, ओलसर नळीत बुरशीला आयती जागा मिळते. तज्ज्ञ दुर्बिणीतून बघतात तेव्हा पांढरट लगद्यावर काळे ठिपके दिसतात, जणू वर्तमानपत्राचा ओला बोळा. पावसाळ्यात खाज आणि ठणका घेऊन येणाऱ्या अनेक कानांची कथा अशी असते.

मग माणसं कोरतात का? बरं वाटतं म्हणून, आणि हे बरं वाटणं खोटं नाही. नळीच्या काही भागाला व्हेगस नावाच्या चेतातंतूची एक शाखा पोचते. हाच तंतू घशातून, छातीतून पोटापर्यंत जातो. म्हणून कान कोरताना काहींना खोकल्याची उबळ येते, तर बऱ्याच जणांचे डोळे सुखाने मिटतात. पण सुख हा स्वच्छतेचा पुरावा नव्हे. मलम गेलं की त्वचा कोरडी पडते, कोरडी त्वचा खाजते, खाज सुटली की काडी पुन्हा आत जाते. खरजेला खाजवल्याने जे होतं तेच इथे होतं, फक्त दिसत नाही. ‘काडीला मळ लागतो, म्हणजे कान घाण होताच ना?’ हा नेहमीचा सवाल. ओठांवरून कापूस फिरवला तर त्याला लाळ लागते, म्हणून तोंड घाण आहे असं आपण म्हणत नाही. काडीला मळ लागतो, कारण तो तिथे असायलाच हवा.

दुसरा आक्षेप परंपरेचा. बाळाच्या कानात मालिशीच्या वेळी तेल सोडायचं, ठणका लागला की लसूण तळलेलं कोमट तेल घालायचं, हे पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. आणि रेल्वे स्टेशनांच्या आसपास छोटी पेटी घेऊन बसणाऱ्या कानकोऱ्यांचा धंदाही जुनाच. यात भेद करायला हवा. पडदा शाबूत असेल, तर चार थेंब तेलाने कडक मळ मऊ होतो. डॉक्टर देतात त्या थेंबांचं पहिलं कामही तेच. पण पडदा शाबूत आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल, तर तेच तेल मधल्या कानात उतरतं. आणि लहान मुलाचा ठणका बहुधा सर्दीनंतर पडद्यामागे झालेल्या जंतुसंसर्गाचा असतो. तेल पडद्याच्या अलीकडेच राहतं, दुखणं पलीकडे. तान्ह्याच्या कानाला तर तेलाची गरजच नाही, त्याचा कानही स्वतः चालतो. कानकोऱ्याच्या हातातलं कौशल्य खरं असेलही, पण त्याच्यापाशी ना आत उजेड टाकणारं यंत्र, ना एका कानातून दुसऱ्यात जाणारी सळई निर्जंतुक करण्याची सोय. अंधाऱ्या नळीत धातूची सळई घालणारा कुशल असला, तरी पडद्याचं अंतर अंदाजानेच ठरवतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: मळाने खरोखरच ऐकू येईनासं झालं तर? होतं तसं. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये मार्गदर्शिका सुधारली, तिच्यात मळ तुंबण्याचं प्रमाण दहात एक मूल, विसात एक प्रौढ आणि वृद्धांमध्ये एक तृतीयांशाहून अधिक असं दिलं आहे. वयाबरोबर मळ कोरडा होतो, केस राठ होतात, पट्टा मंदावतो. श्रवणयंत्र किंवा तासन्‌तास इअरफोन घालणाऱ्यांची तर वाटच अडलेली असते. अंघोळीनंतर मळ पाणी पिऊन फुगतो आणि अचानक कानाला दडा बसतो. अशा वेळी मळ काढायलाच हवा, पण दिसणाऱ्या डोळ्याने. थेंबांनी मऊ करणं, पिचकारीने धुणं, दुर्बिणीखाली नळीने ओढून घेणं, हे मार्ग आहेत. यातली पिचकारीही वाटते तितकी साधी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात रॉबर्ट बारानी हा डॉक्टर रुग्णांचे कान पाण्याने धूत असे आणि रुग्णांना चक्कर येई. पाणी गार असलं की बुबुळं एका दिशेला हिसके देत, गरम असलं की उलट दिशेला, हे त्याने हेरलं. पाण्याच्या तापमानाने आतल्या कानातला तोल सांभाळणारा द्रव हलतो, हे त्यातून उमगलं आणि १९१४ चं नोबेल त्याला मिळालं. म्हणून धुण्याचं पाणी अंगाच्या तापमानाचं लागतं. पडद्याला भोक असेल तर ते घालायचंच नाही. मधुमेही वृद्धांच्या बाबतीत अधिक जपायचं, कारण त्यांच्या कानातला किरकोळ ओरखडा हाडापर्यंत पोचणाऱ्या गंभीर संसर्गाचं मूळ ठरू शकतो. शिवाय प्रत्येक दडा मळाचा नसतो. एका कानाची श्रवणशक्ती अचानक गेली, तर ती आतल्या कानाची तातडीची बाब असू शकते. तिथे ‘मळ असेल’ म्हणत थेंब घालून आठवडा घालवणं म्हणजे उपचाराचे मोलाचे दिवस गमावणं.

राहता राहिली रोजची निगा, आणि ती इतकी थोडी आहे की तिच्यावर विश्वास बसत नाही. अंघोळीनंतर टॉवेलच्या टोकाने कानाची पाळी आणि भोकाची कड पुसायची. बोट जिथवर सहज जातं तिथे आपली हद्द संपते. करंगळीच्या टोकाला जे लागतं, ते कानाने स्वतःहून बाहेर टाकलेलं असतं. ते पुसून टाकावं. कान वाहत असेल, ठणकत असेल, दडा उघडत नसेल, तर काडी शोधण्याआधी तज्ज्ञ शोधावा. काहीच न करणं ही निगा असू शकते, हे पचायला जड जातं, कारण स्वच्छता म्हणजे हात चालवणं हे आपण लहानपणी शिकलो. पण काडीची दांडी प्लॅस्टिकची आहे की बांबूची, याने कानाला काही फरक पडत नाही. त्याची सफाई रोजच चालू असते, आपण जेवत, बोलत, जांभया देत असताना, नखाच्या वेगाने.