बोनेटखालचा वळसा

इंजिनाच्या एका अंगाला, बहुतेक छोट्या गाड्यांत उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला, एक काळा रबरी पट्टा पुल्यांना वळसे घालत धावत असतो. नागपुरातले मिस्त्री त्याला सरसकट फॅन बेल्ट म्हणतात; छापील नाव सर्पेंटाइन बेल्ट. माझा कितीतरी रविवारचा वेळ या पट्ट्याने खाल्ला आहे आणि त्याच्याबद्दल बोलायला मला कधीच कंटाळा आलेला नाही.

इतिहास थोडक्यात उरकतो. पूर्वी अल्टरनेटर, पाण्याचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर यांना दोन-तीन वेगवेगळे व्ही-बेल्ट असत आणि प्रत्येकाचा ताण वेगळा जमवावा लागे. १९७९च्या फोर्ड मस्टँगपासून एकाच लांब पट्ट्यावर सगळं चालवण्याची पद्धत रुळली. आज आपल्याकडच्या अनेक गाड्यांत एकच, तर काहींत दोन पट्टे असतात.

आता माझ्या आवडीची गोष्ट. हा पट्टा इतका वाकडातिकडा का फिरवलेला असतो? बैल खुंट्याला बांधताना दोराला एक वेढा दिला की ओढ हाताला जाणवते. दोन वेढे दिले की तोच बैल एका हाताने आवरतो. वेढा वाढला की पकड बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. सपाट पट्ट्याचा घर्षणांक ०.३ धरला, तर पुलीला अर्धा वेढा असताना ताणलेल्या बाजूची ओढ सैल बाजूच्या अडीचपट होईपर्यंत पट्टा घसरत नाही. पूर्ण वेढा असता तर हीच मर्यादा साडेसहापटीपर्यंत गेली असती. म्हणून मधे एखादी गुळगुळीत आयडलर पुली बसवतात. ती काहीच चालवत नाही. पट्ट्याची पाठ दाबून शेजारच्या पुलीवरचा वेढा वाढवते, बस. मला ती सगळ्यांत हुशार पुली वाटते.

दुसरी करामत पट्ट्याच्या पोटावर आहे. तिथल्या उभ्या रिब पुलीच्या ४० अंशांच्या खाचांत पाचरीसारख्या रुततात आणि पकड सपाट पट्ट्याच्या जवळजवळ तिप्पट होते. पट्ट्याच्या पाठीवर ६पीके१२३० असं काही छापलेलं दिसेल. याचा अर्थ सहा रिब, पीके जातीची खाच, लांबी १२३० मिलिमीटर. दोन रिबमधलं अंतर ३.५६ मिलिमीटर. घाट रोडवर स्पेअर पार्टच्या दुकानात गाडीचं नाव सांगण्याऐवजी हा आकडा सांगा. एकाच मॉडेलमध्ये एसी असलेल्या आणि नसलेल्या गाडीचा पट्टा वेगळा निघू शकतो.

पट्ट्यावर शक्ती वाहून नेण्याचं नागपूरला जुनं वळण आहे. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्या काळच्या गिरण्यांत वाफेचं एक मोठं इंजिन, छताखाली फिरणारे लांब दांडे आणि त्यांवरून प्रत्येक यंत्राकडे उतरणारे पट्टे अशीच रचना असे. आज त्या जागी मॉल आहे. तिथल्या पार्किंगमध्ये गाडी लावताना मला हटकून वाटतं, की इथल्या प्रत्येक बोनेटखाली ती गिरणी छोटी होऊन चालू आहे: इंजिन एक, कामं अनेक आणि मधे पट्टा.

आपल्या शहराला या विषयात रस घ्यायला आणखी एक कारण आहे, ऊन. २३ मे २०१३ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत एसी पूर्ण जोरात चालतो, म्हणजे पट्ट्यावर भार जास्त आणि बोनेटखाली भट्टी. जुने निओप्रीनचे पट्टे अशा तापात तडकायचे. तडा दिसला की बदला, इतकं सोपं होतं. आताचे ईपीडीएम रबराचे पट्टे सहसा तडकतच नाहीत. टायर झिजावा तसे ते झिजतात. रिबमधली दरी रुंद होते, पट्टा पुलीत खोल बसतो, घसरू लागतो आणि वरून मात्र नवाकोरा दिसतो. म्हणून नुसतं वरून पाहून ‘चांगला आहे’ म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. नवा पट्टा शेजारी धरून दरी ताडून पाहावी. इंजिन ऑइल गळत असेल तर आधी ते बंद करा. या रबराला तेल मुळीच सोसत नाही, ते फुगतं.

पट्टा किंचाळला की लोक त्याला साबण चोळतात. हा उपाय सोडून द्यावा. एका जुन्या मिस्त्रीने मला सांगितलं होतं, “भाऊ, बेल्ट नका पाहू. आवाज कोण करून राहिला, ते पाहा ना आधी.” त्यासाठी सोपी तपासणी आहे. चालू इंजिनाच्या पट्ट्यावर, हात लांब ठेवून, रिबच्या बाजूने पाण्याचा हलका फवारा मारा. आवाज वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर थांबून परत आला तर एखादी पुली रेषेबाहेर आहे.

पट्टा घरी बदलण्यात पैसे वाचतात, पण माझ्या मते खरा फायदा हा, की प्रत्येक पुली सवडीने हाताने फिरवून पाहता येते. इंजिन थंड होऊ द्या, किल्ली काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. मग पट्ट्याच्या वाटेचा फोटो घ्या, शिवाय कागदावर हाताने चित्र काढा. फोटोत मागची पुली दिसत नाही. जागा अडचणीची असेल तर उजवं चाक आणि आतलं प्लॅस्टिकचं कव्हर काढावं लागतं. गाडी जॅकवर सोडू नका, खाली स्टँड लावा. टेन्शनरला, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या स्प्रिंगच्या पुलीला, पाना लावून तो स्प्रिंगच्या विरुद्ध फिरवला की पट्टा सैल होतो. हाताला सोयीच्या पुलीवरून तो उतरवा.

इथे घाई नको. आयडलर फिरवा: खरखर लागली की बेअरिंग गेलं. अल्टरनेटर फिरवा. टेन्शनर सोडून पाहा, तो अडखळत परत येत असेल तर नवा पट्टाही लवकरच किंचाळेल. खाचांतली माती ब्रशने काढा. नवा पट्टा चित्राप्रमाणे गुंडाळून शेवटी वरच्या पुलीवर चढवा आणि एकही रिब खाचेबाहेर लोंबत नाही ना, हे प्रत्येक पुलीवर बोट फिरवून पाहा. मग बॅटरी जोडून इंजिन दोन-चार मिनिटं चालवा, बंद करा, पुन्हा पाहा. चालू इंजिनाजवळ ओढणी, सैल बाही नको.

काही गाड्यांत टेन्शनर नसतो. कुठे अल्टरनेटरचा बोल्ट सैल करून ताण जमवतात, तर कुठे ताणला जाणाराच पट्टा असतो; तो विशेष साधनानेच चढवायचा, पेचकसाने नाही. टायमिंग बेल्ट मात्र पूर्ण वेगळी गोष्ट, त्याला घरी हात लावू नका. आणि मारुतीच्या २०१५च्या सियाझपासून आलेल्या एसएचव्हीएस (माइल्ड हायब्रिड) गाड्यांत सिग्नलला बंद झालेलं इंजिन याच पट्ट्याच्या ओढीने पुन्हा सुरू होतं. एरवी इंजिनाकडून ओढला जाणारा पट्टा तिथे इंजिनालाच ओढतो, म्हणून तिथला ताण आणि पट्ट्याचा आकडा पुस्तिकेबरहुकूमच हवा.