लंडनचा संसार, अलोऱ्याचं माहेर आणि मध्यस्थी

कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत वाढलेली चिपळूणजवळच्या अलोऱ्याची पोरं आता पुण्या-मुंबईतच नाही, तर दुबई-लंडनलाही संसार थाटतात. समजा, त्यातलाच एक संसार मोडकळीला आला. लेक सुट्टीला मुलाला घेऊन माहेरी आली ती परत गेलीच नाही. मुलाचा बाप लंडनला. यापुढे ओटीवर जे सल्ले मिळतात, त्यातले निम्मे चुकीचे असतात.

‘मध्यस्थी म्हणजे चार मोठ्यांनी बसून पोरीला नांदायला पाठवणं.’ हा सर्वांत चिवट गैरसमज. मध्यस्थ निवाडा देत नाही आणि संसार जोडायचं कंत्राटही घेत नाही. वेगळं व्हायचं ठरलं असेल, तर कसं व्हायचं हे तो दोघांकडूनच काढून घेतो. मामा कितीही समंजस असला तरी कुणाचा तरी मामाच असतो. बर्लिनच्या ‘मिक’ या कौटुंबिक मध्यस्थी करणाऱ्या संस्थेची पद्धत म्हणूनच मला पटते: मध्यस्थ दोन, एक बाई आणि एक पुरुष, एक कायद्यातला, दुसरा मानसशास्त्र-समुपदेशनातला, आणि शक्यतो दोन्ही पालकांच्या देशांतले नि भाषांतले.

‘मूल भारतात आलं की आपलं.’ हे अर्धंच खरं, म्हणून जास्त घातक. मूल मूळ देशी परत पाठवण्याविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही, पण बाप इथल्या उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे मुलाला न्यायालयापुढे हजर करण्याचा, अर्ज करू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नित्या आनंद राघवन खटल्यात मुलीला आईजवळ भारतात राहू दिलं. २०२० मध्ये यशिता साहू खटल्यात मात्र मुलीला अमेरिकेला परत नेण्याचा आदेश कायम ठेवला. दोन्हीकडे कसोटी एकच, मुलाचं हित. निकाल काय लागेल ते आधी कुणी छातीठोक सांगू शकत नाही, आणि दोघांनी बोलणी करावीत याला एवढं कारण पुरेसं आहे.

‘कागदावर सह्या झाल्या, मिटलं.’ तिथला कागद इथे आपोआप चालत नाही. आपल्या विवाह कायद्यात नसलेल्या कारणावरून, दुसऱ्या बाजूच्या संमतीशिवाय मिळवलेला परदेशी घटस्फोट इथे सहसा टिकत नाही, हे नरसिंह राव खटल्यापासून, म्हणजे १९९१ पासून ठरलेलं आहे. म्हणून समझोत्याचा तोच मजकूर दोन्ही देशांच्या न्यायालयांकडून आदेश म्हणून घ्यायचा. वकील त्याला मिरर ऑर्डर म्हणतात.

मजकूरही बारकाईने लिहावा लागतो. ‘शनिवारी संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल’ असं लिहिलं तर कुणाचे सात? अलोऱ्यात सात वाजतात तेव्हा लंडनला उन्हाळ्यात अडीच आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. ‘मूल गणपतीला आजोळी येईल’ हे वाचायला गोड. पण २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला, तिथल्या शाळेच्या सुट्टीत होती, तर २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला, शाळा सुरू झाल्यावर. मग शाळा बुडवायची की आरती? तिकिटाचे पैसे कोण देणार, पासपोर्ट कुणाच्या कपाटात राहणार? भांडणं पुढे याच गोष्टींवरून होतात.

‘दर तारखेला विमानाने यावं लागेल’ ही भीतीही फार. परस्पर संमतीच्या घटस्फोटात व्हिडिओ कॉन्फरन्सिंग वापरता येतं आणि योग्य कारण असेल तर आईवडील किंवा भावंडं प्रतिनिधी म्हणून उभी राहू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने अमरदीप सिंग खटल्यात (२०१७) सांगितलं आहे. मध्यस्थीत बोललेलं न्यायाधीशांच्या कानावर जातं, असंही नाही. समझोता झाला तर त्याचा कागद, नाहीतर ‘झाला नाही’ एवढंच कळवायचं असतं.

मारहाण, धमक्या असतील तर मात्र समजुतीच्या नावाखाली बाईला टेबलाशी बसवू नये. आधी संरक्षण, बाकीचं मग. वकिलाच्या फीची चिंता असेल, तर चिपळूणच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रियांना आणि मुलांना मोफत मदत मिळते, उत्पन्नाचा दाखला न मागता.