हैदराबाद प्रश्न (१९४७–४८)

हैदराबाद प्रश्न : ब्रिटिश सत्ता भारतातून गेल्यावर हैदराबाद संस्थानाच्या सार्वभौमत्वाविषयी निर्माण झालेला व संयुक्त राष्ट्रांपर्यंत पोहोचलेला वाद. दुसऱ्या महायुद्धानंतर आशियात सुरू झालेले निर्वसाहतीकरण आणि त्याच सुमारास आकारास आलेले महासत्तांमधील शीतयुद्ध यांच्या संधिकालात तो उद्‌भवला. परकी सत्ता गेल्यावर सार्वभौमत्व कोणाकडे यावे, वंशपरंपरागत शासकाकडे की प्रजेकडे, हा त्यातील मूळ मुद्दा होय.

१९४१ च्या जनगणनेनुसार संस्थानाची लोकसंख्या सु. १·६३ कोटी होती. तेलंगण, मराठवाडा आणि कन्नडभाषिक जिल्हे मिळून ते बनले होते. मराठवाड्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे येत. पूर्णा नदीवरील सिद्धेश्वरचा परिसर (सध्याचा हिंगोली जिल्हा) त्या वेळी परभणी जिल्ह्यात मोडत असे. उत्तरेस लागूनच असलेल्या वऱ्हाडात १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वातंत्र्य आले. या भागाला मात्र ते आणखी तेरा महिन्यांनी लाभले.

१९४७ च्या भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्याने संस्थानांवरील ब्रिटिशांची अधिसत्ता संपुष्टात आली. तिच्या समाप्तीबरोबर आपण स्वतंत्र झालो, अशी भूमिका निजाम मीर उस्मान अली खान यांनी घेतली. उलट, चहूबाजूंनी भारताने वेढलेल्या प्रदेशाचे भवितव्य तेथील जनतेच्या इच्छेनेच ठरावे, असे भारत सरकारचे म्हणणे होते. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी उभयतांत एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. तथापि निजाम सरकारने पाकिस्तानला दिलेले २० कोटी रुपयांचे कर्ज, विमानाने चोरून आणलेली शस्त्रे आणि कासीम रझवीच्या रझाकार संघटनेचे अत्याचार यांमुळे तो निष्फळ ठरला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने सत्याग्रह चालविला, तर सीमेवरील शिबिरांतून सशस्त्र प्रतिकार झाला.

निजाम सरकारने २१ ऑगस्ट १९४८ रोजी सुरक्षा समितीकडे तक्रार केली. तत्पूर्वी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी मध्यस्थी करावी, ही निजामाची विनंती अमेरिकेने मान्य केली नव्हती. १३ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १६ सप्टेंबर रोजी पॅरिस येथे समितीने हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतला, तेव्हा सोव्हिएट रशिया तटस्थ राहिला. दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली आणि काही दिवसांतच तक्रार मागे घेत असल्याचे कळविले. पाकिस्तानने हा प्रश्न पुढेही मांडला. पण समितीने कोणतीही कृती केली नाही. बर्लिनच्या नाकेबंदीत गुंतलेल्या महासत्तांना हैदराबादसाठी नव्या भारताशी वैर पत्करण्यात स्वारस्य नव्हते.

याच काळातील इंडोनेशियाशी केलेली तुलना उद्‌बोधक ठरते. भारताने आपल्या लष्करी हालचालीस ‘पोलीस कारवाई’ म्हटले. डचांनीही इंडोनेशियातील १९४७ व १९४८ च्या मोहिमांना हेच नाव दिले होते. कारवाई अंतर्गत आहे, हा दावा दोहोंकडे होता. परंतु डचांचा हेतू गेलेली वसाहत परत मिळविण्याचा होता. तेथे सुरक्षा समिती व अमेरिका यांच्या दडपणामुळे डचांना डिसेंबर १९४९ मध्ये सत्ता सोडावी लागली.

शीतयुद्धाची छाया हैदराबादवर पडली ती तेलंगणातून. तेथे १९४६ पासून साम्यवाद्यांच्या नेतृत्वाखाली जमीनदारांविरुद्ध शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा सुरू होता. विलीनीकरणानंतर तो भारतीय सैन्याविरुद्ध चालू राहिला. १९५१ च्या आरंभी श्रीपाद अमृत डांगे यांच्यासह भारतीय साम्यवादी नेते मॉस्कोस जाऊन स्टालिन यांना भेटले आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये लढा मागे घेण्यात आला.

विलीनीकरणाची दुसरी बाजूही नोंदणे आवश्यक आहे. कारवाईच्या वेळी व नंतर मुसलमानांची मोठ्या प्रमाणावर हत्या झाली. केंद्र सरकारने पाठविलेल्या सुंदरलाल समितीने मृतांची संख्या २७ ते ४० हजार असावी, असा अंदाज केला. उस्मानाबाद व नांदेड यांचा सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत समावेश होता. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. सत्ता प्रजेकडे आली. परंतु त्या प्रजेतील एका भागाला संक्रमणकाळात संरक्षण मिळाले नाही, हे त्यावरून दिसते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन होऊन मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. पुढे पूर्णा प्रकल्पाखाली येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे बांधण्यात आली. सिद्धेश्वर ज्या औंढा नागनाथ तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा अमेरिकेच्या सहकार्याने उभारण्यास भारत सरकारने २०१६ मध्ये तत्त्वतः आणि २०२३ मध्ये सु. २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. ज्या प्रदेशाच्या वतीने १९४८ साली त्याचा शासक परकी मध्यस्थी मागत होता, तो प्रदेश आता एका सार्वभौम राष्ट्राचा घटक म्हणून जागतिक व्यवहारात सहभागी झाला आहे.