‘ए, त्याला मारू नका ना, किती गोड आहे!’

गेल्या महिन्यात एका रविवारी आमच्या गेममध्ये एक गॉब्लिन मरता मरता वाचला. कुठल्या जादूगाराने त्याला वाचवलं नाही, की फाशावर भारी आकडा पडला म्हणूनही तो सुटला नाही. तो वाचला त्याच्या चित्रामुळे.

झालं असं, की आम्ही पाच जण रविवारी दुपारी एका मैत्रिणीच्या घरी ‘पाथफाइंडर’ खेळतो. हा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा, म्हणजे डीअँडडीचा, धाकटा चुलतभाऊ. ज्यांनी हा प्रकार फक्त ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मध्ये पाहिलाय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, एकाने गोष्ट सांगायची आणि पुढे काय होणार ते बोलून आणि वीस बाजूंचा फासा टाकून ठरवायचं. बोर्ड नाही, स्क्रीन नाही. जे काही दिसतं ते डोक्यात. आणि पुस्तकातल्या चित्रांत.

तर आमच्या गेममास्टरने पुस्तक उघडून आमच्यासमोर धरलं आणि म्हणाला, ‘हा तुमच्यासमोर उभा आहे.’ रग्बीच्या बॉलसारखं आडवं डोकं, या कानापासून त्या कानापर्यंत तोंड, त्यात खिळ्यांसारखे दात आणि खाली काडीसारखे हातपाय. ‘अय्या, किती गोड आहे! मी नाही मारणार याला,’ मैत्रिणीने जाहीर केलं. ‘अगं, त्याने आत्ताच अर्धं गाव जाळलंय!’ कुऱ्हाड घेऊन तयार बसलेला मित्र वैतागला. पुढची वीस मिनिटं गेम बंद, भांडण चालू. चहा गार झाला. शेवटी मित्र म्हणाला, ‘ही कार्टूनं काढतात ना, त्यामुळे हे होतं. जरा रिअ‍ॅलिस्टिक चित्र असतं तर आपण एव्हाना पुढच्या खोलीत असतो.’

वाक्य रागात आलं होतं, पण माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण हा वाद फक्त आमच्या टेबलावरचा नाही. फँटसी गेमच्या पुस्तकांत चित्रं कार्टूनसारखी असावीत की खरीखुरी वाटावीत, यावर खेळणारे अनेक वर्षं एकमेकांचे केस उपटतायत.

ट्रेस केलेला घोडा

डीअँडडी 1974 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावातून बाहेर आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो तयार केला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची, त्यातले खोके घरात बसून हाताने भरलेले. पैसे नव्हतेच, त्यामुळे चित्रकार म्हणजे ओळखीतला हौशी पोरगा. पहिल्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरचा घोडेस्वार तर सरळ मार्व्हलच्या एका कॉमिकमधून उचललेला आहे. आज कुणी असं केलं तर त्याचा किती उद्धार होईल याची कल्पना करा!

म्हणजे सुरुवातीची चित्रं साधी होती ती कुठल्या शैलीच्या प्रेमापोटी नाही. काळी शाई, स्वस्त छपाई आणि जेमतेम पैसे, यात जे बसलं ते छापलं. पण 1977 मध्ये ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ आलं आणि या साध्या रेषेत एक वेगळीच जान आली. डेव्हिड सदरलँड आणि डेव्हिड ट्रॅम्पियर हे त्यातले मुख्य दोघे. माझी आवडती गोष्ट म्हणजे यातले काही राक्षस कुठल्याही पुराणकथेतून आलेले नाहीत. गायगॅक्स यांना दुकानात हाँगकाँगहून आलेल्या प्लॅस्टिकच्या स्वस्त खेळण्यांचं एक पाकीट मिळालं होतं. त्यातले चित्रविचित्र प्राणी ते गेममध्ये वापरायचे. लोखंड खाणारा ‘रस्ट मॉन्स्टर’ आणि अर्धं घुबड-अर्धं अस्वल असलेला ‘आउलबेअर’ तिथूनच आले. पन्नास वर्षं झाली, दोघं अजून पुस्तकात आहेत.

त्याच पुस्तकात सदरलँड यांनी ओर्क काढला तो डुकराच्या तोंडाचा. हे चित्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1979 च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये तर चक्क विनोदी व्यंगचित्रं होती. विल मॅक्लीन यांच्या एका चित्रात योद्धे आणि जादूगार टेबलाभोवती बसून गेम खेळतायत, आणि त्यांच्या गेममध्ये ते काय झालेत, तर नोकरदार आणि विद्यार्थी! राक्षस मारायचे नियम शिकवणाऱ्या जाडजूड पुस्तकात मध्येच असा डोळा मारलेला. मला वाटतं, ‘आपण मोठी माणसं बसून परीकथा खेळतोय हे आम्हालाही माहितीये’ ही कबुली त्या साध्या रेषेतच देता येत होती.

पण साधी रेष म्हणजे फक्त गंमत असंही नाही हं. 1978 च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये सदरलँड यांचं एक पानभर चित्र आहे. नरकात एकटा उभा असलेला योद्धा, चारी बाजूंनी सैतान. शरीराची मापं काटेकोर तपासायला गेलात तर चुका सापडतील. तरी त्या चित्राने इतक्या लोकांच्या डोक्यात घर केलं, की वीस वर्षांनी, 1998 मध्ये, त्याच्या नावावरून त्याच विषयाचं अख्खं साहस-पुस्तक निघालं.

तेलरंगातले ड्रॅगन आणि थंडी न वाजणाऱ्या बायका

ऐंशीच्या दशकात गेम जोरात खपायला लागला. कंपनीने पूर्णवेळ चित्रकार ठेवले. लॅरी एल्मोर, जेफ इझली, कीथ पार्किन्सन, क्लाइड कॉल्डवेल. 1983 च्या लाल खोक्यावर एल्मोर यांनी रंगवलेला लाल ड्रॅगन आणि त्याच्यासमोर तलवार उगारलेला एकटा योद्धा, हे चित्र म्हणजे एका पिढीसाठी डीअँडडीचा चेहराच. खवल्यांवरची चकाकी, धातूवरचा उजेड, दूरच्या डोंगरावरचं धुकं, सगळं असं की हात लावून बघावंसं वाटतं. कार्टूनवाले एकदम ‘पोरकट’ ठरले.

पण थांबा. जरा निरखून बघा. त्या काळातल्या कितीतरी मुखपृष्ठांवर पुरुष योद्धा मानेपासून घोट्यापर्यंत चिलखतात असतो आणि त्याच्या शेजारची योद्धी? तिच्या अंगावर चिलखताचे दोन-तीन तुकडे. मागे बर्फाचे डोंगर! चामड्यावरची प्रत्येक सुरकुती खरी, रिव्हेट मोजून घ्या, पण बाईला थंडी वाजत नाही आणि पोटात बाण घुसत नाही. याला रिअ‍ॅलिस्टिक म्हणायचं?

मला हा मुद्दा मोठा वाटतो, कारण ‘रिअ‍ॅलिस्टिक’ हा शब्द आपण फार भोळेपणाने वापरतो. रंगवण्याची पद्धत खरी वाटते म्हणून जे रंगवलंय तेही खरं, असं डोकं आपोआप धरून चालतं. कार्टून निदान पहिल्याच रेषेत सांगून टाकतं, की बाबा मी खोटं आहे. 2000 साली तिसरी आवृत्ती आली तेव्हा हे बरंच बदललं. पुस्तक आतून पूर्ण रंगीत झालं. टॉड लॉकवूड यांनी ड्रॅगनची हाडं, स्नायू, पंख कुठून फुटतात याचा विचार करून ड्रॅगन नव्याने घडवले. नियमांची उदाहरणं देणाऱ्या पात्रांत पूर्ण चिलखत घातलेली पॅलाडिन बाई होती, कृष्णवर्णीय मंक बाई होती. हे रिअ‍ॅलिझम मला जास्त पटतं. (बेल्ट आणि बकलं मात्र जरा अतीच झाली होती. एकेका माणसाला कपडे काढायला अर्धा तास लागला असेल.)

गंमत म्हणजे चित्रकार स्वतः असे गट पाडत बसत नाहीत. तेलरंगवाले एल्मोर त्याच काळात ‘ड्रॅगन’ मासिकात ‘स्नार्फक्वेस्ट’ नावाची धमाल कॉमिक स्ट्रिप काढत होते. नव्वदच्या दशकात ‘प्लेनस्केप’ची लहरी, परीकथेसारखी चित्रं काढणारे टोनी डिटर्लिझी पुढे मुलांच्या पुस्तकांकडे वळले. ‘स्पायडरविक’ त्यांचंच, होली ब्लॅकबरोबर केलेलं.

कोण मरणार, हे चित्र ठरवतं

आता पुन्हा आमच्या गॉब्लिनकडे. ते रग्बी बॉलचं डोकं 2007 मध्ये वेन रेनॉल्ड्स यांनी पाइझो या कंपनीसाठी काढलं. त्याआधी गॉब्लिन म्हणजे पहिल्या लढाईत मरायला ठेवलेले फुकटचे शत्रू. यांची चित्रं आली आणि लोक प्रेमातच पडले. 2011 मध्ये कंपनीने असं साहस काढलं ज्यात खेळणारे स्वतःच गॉब्लिन होतात, आणि 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीत गॉब्लिन मुख्य पुस्तकात माणूस, एल्फ यांच्या पंगतीत जाऊन बसला. ज्याला मारायचं होतं तो आता आपल्या टीममध्ये. ही ताकद त्या चित्राची.

ओर्कचंही तसंच. 1977 मध्ये डुकराचं तोंड. डुकराच्या तोंडाला मारताना कुणाला काय वाटणार? पुढच्या आवृत्त्यांत ते तोंड गेलं, ओर्क पिळदार, सुळेवाला, हिंस्र माणूस झाला. आणि 2024 च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये तो मुख्य पुस्तकातल्या निवडता येणाऱ्या पात्रांत आला. काहींना हे आवडलं नाही. त्यांचं म्हणणं, आता मारायचं कुणाला? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या गेममध्ये निम्मा वेळ लढाई आहे, तिथे समोरच्याचा चेहरा कसा काढलाय, यावरच तुमचा हात किती सहज उठतो ते ठरतं. डुकराचं तोंड ही सोय होती. ‘हा आपल्यातला नाही’ असं एका फटक्यात सांगणारी. ही सोय गेमच्या बाहेरही किती जुनी आहे, हे युद्धाच्या काळातली प्रचाराची पोस्टर्स पाहिली तर कळतं.

म्हणून ‘कार्टून म्हणजे गोड, रिअ‍ॅलिस्टिक म्हणजे गंभीर’ ही वाटणी मला मान्य नाही. कार्टूनमुळे गॉब्लिन जवळचा झाला आणि कार्टूनमुळेच ओर्क परका झाला. रेष तीच, ती कशासाठी ओढलीय हा फरक.

पण प्रत्येक कार्टूनचं समर्थन मी करणार नाही. 2014 च्या पाचव्या आवृत्तीतले हाफलिंग! हे मूळचे टोल्किन यांचे हॉबिट. त्यांच्या हक्कदारांनी आक्षेप घेतल्यावर नाव बदललेले. मोठं डोकं, बारीक अंग, इवलीशी पावलं. लोकांनी यथेच्छ खिल्ली उडवली. चित्रकाराची अडचण मला समजते. तीन फुटी माणूस एकटा उभा काढला तर तो तीन फुटी आहे हे कळणार कसं? डोकं मोठं केलं की बुटका वाटतो. पण त्याच पुस्तकात बाकी सगळे भारदस्त, छायाप्रकाशात रंगवलेले आणि मध्येच हे. लग्नाच्या ग्रुप फोटोत कुणीतरी स्टिकर चिकटवावा तसं. माझी तक्रार कार्टूनबद्दल नाही, एकाच घरात दोन नियम चालवण्याबद्दल आहे.

टॅक्सी चालवणारा चित्रकार

ट्रॅम्पियर यांचं पुढे काय झालं, हे वाचून मी एक रात्र नीट झोपले नाही. 1978 च्या ‘प्लेअर्स हँडबुक’चं मुखपृष्ठ त्यांचं. मोठी मूर्ती आणि तिच्या डोळ्यातलं रत्न उचकटणारे दोन चोर. ‘ड्रॅगन’ मासिकात ते ‘वर्मी’ नावाची कॉमिक स्ट्रिपही काढायचे. 1988 मध्ये ती गोष्ट अर्ध्यावर थांबली आणि ट्रॅम्पियर गायब झाले. अनेकांना वाटलं ते वारले. 2002 मध्ये इलिनॉयमधल्या कार्बनडेल गावात विद्यार्थ्यांच्या एका वर्तमानपत्राने टॅक्सी ड्रायव्हरवर लेख छापला. तो ड्रायव्हर म्हणजे हेच. चाहते धावले, कामं देऊ केली. ते परतले नाहीत. 2014 च्या मार्चमध्ये ते गेले, गावातल्याच एका गेम-मेळाव्यात त्यांची मूळ चित्रं मांडली जाणार होती त्याच्या काही आठवडे आधी.

आपण शैलीवर भांडतो तेव्हा या माणसांचा विषयच निघत नाही. 2023 मध्ये डीअँडडीच्या एका नव्या पुस्तकातली काही चित्रं वाचकांना विचित्र वाटली. चित्रकाराने ती पूर्ण करताना एआय वापरल्याचं कबूल केलं. गदारोळ झाला आणि कंपनीने चित्रकारांसाठी नियम बदलून एआयला मनाई केली. लोकांना खटकली होती ती गुळगुळीत, ‘रिअ‍ॅलिस्टिक’ धाटणीची चित्रं. सदरलँड यांच्या ओर्कवर असा संशय कुणी घेतला नसता. इतका वाकडा ओर्क माणूसच काढू शकतो.

बाय द वे, तो कुऱ्हाडवाला मित्र पुढच्या रविवारी घरून एक कागद घेऊन आला. रात्री जागून त्याने पेन्सिलीने ‘खरा’ गॉब्लिन काढला होता. सुरकुत्या, किडके दात, डोळ्यात पाणी, नखात अडकलेली माती. कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाला, ‘आता बोला.’

कुणीच बोललं नाही. मग मैत्रीण हळूच म्हणाली, ‘अरे, याला तर आता अजिबातच मारता येणार नाही. हा कुणाचा तरी आजोबा वाटतोय.’

गेममास्टरने फासा उचलून मित्राच्या हातात ठेवला. त्याने तो बराच वेळ नुसताच हातात खेळवला. मग विचारलं, ‘याच्याशी बोलायचं असेल तर कुठलं स्किल लागतं?’