हरळी, गाजरगवत आणि शेजार

गेल्या श्रावणात एका संध्याकाळी आमच्या जळगावच्या कॉलनीतले तिघे जण माझ्या फाटकाशी आले. तिघेही रोजच्या ओळखीचे, सकाळी मेहरूण तलावाला सोबत फिरायला येणारे. चहा झाला, पावसापाण्याचं बोलणं झालं, आणि मग त्यातल्या वयाने मोठ्या गृहस्थांनी विषय काढला. "अण्णा, राग मानू नका. पण तुमच्या अंगणाचं काहीतरी करा. रान माजलंय नुसतं. एखादं जनावर निघालं तर? आणि बाहेरून आलेला माणूस आपल्या गल्लीला काय म्हणेल?"

मी रागावलो नाही. त्यांचं बोलणं आपुलकीचं होतं आणि त्यात खोटंही फार नव्हतं. घरासमोरची सहाशे चौरस फूट जागा मी फरशी न टाकता मातीचीच ठेवली आहे. पावसाळ्यात तिथे हरळी पसरते, कुंपणाशी आघाडा उभा राहतो, निंबाच्या सावलीत केन्याची निळी फुलं येतात, मधे घोळ आणि तरोटा. ऑगस्टमध्ये सगळं गुडघ्याएवढं होतं. ज्याला या झाडांची नावं माहीत नाहीत त्याला ते रानच दिसणार.

मला नावं माहीत आहेत, कारण माझी सगळी नोकरी त्यातच गेली. एरंडोल, पारोळा, चोपडा आणि शेवटी शिरपूर, अशी तेहेतीस वर्षं मी कृषी खात्यात काढली. कपाशीत काय ठेवायचं आणि काय उपटायचं हे बांधावर उभं राहून सांगणं हेच माझं काम. त्यामुळे "साफ ठेवा" हा शब्द ऐकला की माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, कशापासून साफ?

आपल्याकडे नीटनेटक्या अंगणाची कल्पना हिरवळीची कधीच नव्हती. मी लहानाचा मोठा झालो धुळ्याच्या जुन्या पेठेत, नंबरांच्या गल्ल्यांमध्ये. १८१८ मध्ये पेशवाई गेली, खानदेश इंग्रजांकडे आला, आणि पुढच्या वर्षी कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं करून सरळ रेषेत रस्ते आखून नवी वस्ती बसवली. त्या सरळपणाचा धुळेकरांना आजही अभिमान आहे. आमच्या गल्लीत आई पहाटे अंगण झाडायची, शेणाचा सडा टाकायची, रांगोळी काढायची. काडीसुद्धा उगवलेली दिसली तर आजी म्हणायची, "घरमां कोनी शे का नही?" ज्या घरापुढे गवत ते घर ओसाड, असा हिशेब होता. त्याला कारणही होतं. त्याच अंगणात ज्वारी वाळायची, पापड-कुरडया व्हायच्या, उन्हाळ्यात खाटा टाकून सगळे तिथेच झोपायचे. उघड्या, सारवलेल्या जमिनीवर विंचू लगेच दिसायचा.

ते अंगण गेलं, पण त्याची शिस्त मनात तशीच राहिली. सारवणाच्या जागी शहाबादी फरशी आली, मग सिमेंटचा कोबा, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत पेव्हर ब्लॉक. माझी धाकटी बहीण धुळ्यातच देवपूरला राहते. तिने फाटकापासून दारापर्यंत लाल-करडे पेव्हर बसवून घेतले. मागच्या मे महिन्यात मी गेलो तेव्हा दुपारी चार वाजता पाऊल ठेववत नव्हतं. तीच म्हणाली, "भाऊ, आंगन तं चांगलं दिखस, पन घरमां भट्टी व्हयी गयी." मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास जाणाऱ्या आमच्या मुलखात दिवसभर तापलेला ब्लॉक रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. आणि जुलैत पाऊस पडला की पाणी मुरायला जागाच नसते, ते सरळ रस्त्यावर येतं.

आता तिसरी कल्पना आली आहे, लॉनची. खानदेशात "लॉन" म्हटलं की आधी लग्नच आठवतं. मंगल कार्यालयाच्या पाटीवर "लॉन्स" हा शब्द असतोच. तिथली हिरवी गादी, त्यावरचे दिवे आणि खुर्च्या बघून माणसाला वाटतं, घरासमोर असं का नसावं? मुळात ही हिरवळ इंग्लंडातल्या जमीनदारांच्या वाड्यांची. तिथे बारमाही भुरभुर पाऊस, थंड हवा, कापायला आधी मेंढ्या आणि विळे, आणि १८३० मध्ये एडविन बडिंगने गवत कापायचं यंत्र काढल्यावर मध्यमवर्गाच्या दारातही ती आली. आपल्याकडे ती कलेक्टरच्या बंगल्यापुरती होती.

आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये तिचा प्रयोग झाला. ले-आउट मंजूर करताना मोठ्या जमिनीतला दहा टक्के भाग मोकळा सोडावा लागतो. आमचा तो तुकडा साधारण चार हजार चौरस फुटांचा. रहिवाशांनी वर्गणी काढली, नर्सरीतून लॉनचे गालिचे आणून अंथरले, कडेला तार ओढली. दिवाळीत तिथे फोटो निघाले. मी तेव्हाच हिशेब मांडून दिला होता. चार हजार चौरस फूट म्हणजे सुमारे तीनशे सत्तर चौरस मीटर. आपल्या मे महिन्यात एक चौरस मीटर हिरवळ दिवसाला सहा लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडते. म्हणजे रोज बावीसशे लिटर, पाच हजार लिटरचा टँकर सव्वादोन दिवसांत संपणार. ज्या गावात बायका नळाच्या वेळेवर घरचं वेळापत्रक लावतात, तिथे हे पाणी कुठून आणायचं? जळगावात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, धुळ्यात त्याहून कमी, आणि तोही चार महिन्यांत. ज्या जळगावातून ठिबकच्या नळ्या देशभर गेल्या, तिथल्या माणसाला थेंबाची किंमत सांगावी लागू नये. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ते लॉन पिवळं पडलं आणि मेअखेरीस तिथे धूळ उडत होती. वर्गणी देणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे बघून मला फार वाईट वाटलं.

पण त्या वाळलेल्या गालिच्यात पहिल्या पावसानंतर जे आपोआप हिरवं झालं ते काय होतं? हरळी.

हरळीशी माझं नातं जुनं आहे. शेतकऱ्याला विचारा, तो हरळीचं नाव कडू तोंडानेच घेईल. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, मागे बाया लावून काश्या वेचायच्या, बांधावर नेऊन जाळायच्या. तरी एक पेर मातीत राहिलं की त्यातून पुन्हा फुटवा. मी स्वतः किती शेतांत हे करून घेतलं त्याची गणती नाही. हीच हरळी भाद्रपदात दूर्वा होते. आणि हेच गवत साहेबाच्या भाषेत बर्म्युडा ग्रास, जगातल्या उष्ण प्रदेशांतल्या लॉनचं आणि गोल्फच्या मैदानांचं मुख्य गवत. पाणी नसलं की ती वरून वाळते, खाली जिवंत राहते, आणि मृगाच्या सरीने उठते. तुडवलेलं सहन करते, माती धरून ठेवते. शेतात ती शत्रू आहे यात मला शंका नाही. अंगणात तिच्याइतकं शहाणं गवत आपल्या हवामानाला दुसरं नाही.

खरा वैरी वेगळा आहे. आमच्या घराला लागून रिकामा प्लॉट आहे. मालक पुण्याला असतात. असे प्लॉट प्रत्येक कॉलनीत आहेत, कोणाचे मालक नाशिकला, कोणाचे सुरतेला. पावसाळ्यात त्यांत छातीएवढं गाजरगवत उभं राहतं. १९५५ च्या सुमारास पुण्यात या झाडाकडे पहिल्यांदा लक्ष गेलं. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं सगळीकडे सांगितलं जातं. लोक त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. महिना-दीड महिन्यात ते फुलावर येतं, एकेक झाड हजारो बिया टाकतं, आणि ओलावा असेल तर वर्षात तीन-चार पिढ्या काढतं. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं, त्याच्या परागांनी काहींना दमा होतो. जनावर त्याला तोंड लावत नाही. माझ्या हाताखालच्या एका मजुराच्या मानेवर आणि कोपरांवर त्याने उठलेली जाड, काळी कातडी मी वर्षानुवर्षं पाहिली आहे. त्यामुळे गाजरगवताबद्दल शेजाऱ्याने तक्रार केली तर मी त्या शेजाऱ्याच्या बाजूने.

कायदाही त्याच्या बाजूने आहे. धुळे आणि जळगाव या दोन्ही शहरांना २००३ मध्ये महानगरपालिका झाली, आणि तेव्हापासून १९४९ चा महानगरपालिका अधिनियम इथे लागू आहे. एखादी जागा माजलेल्या, उपद्रवी झाडोऱ्याने भरली आहे किंवा आरोग्याला अपायकारक झाली आहे असं आयुक्तांना दिसलं, तर मालकाला ती साफ करायला सांगता येतं. त्यात गवताची उंची इंचांत दिलेली नाही, आणि कोणतं झाड उपद्रवी याची यादीही नाही. ते बघणाऱ्यावर सोडलेलं आहे. इथेच घोटाळा होतो. नोटीस आली की घाबरलेला मालक फोनवरून जेसीबी ठरवतो. जेसीबी अर्ध्या तासात प्लॉट खरवडून मोकळा करतो, केना, तरोटा, हरळी, गाजरगवत सगळं एकदम. दोन दिवस प्लॉट लख्ख दिसतो, फोटो निघतो. उघड्या, उकरलेल्या मातीवर सगळ्यांत आधी कोण उगवतं? गाजरगवतच. त्याला स्पर्धा नको असते आणि आपण पैसे देऊन त्याची स्पर्धा संपवतो. शिवाय जेसीबीने पाडलेल्या खड्ड्यांत पाणी साचतं. डेंग्यूचा डास अशा साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, गवतात वाढत नाही.

माझी मुलगी अमेरिकेत टेक्सासला, डॅलसजवळ राहते. तिच्या वस्तीतल्या घरमालकांच्या संघटनेचं तिला एकदा पत्र आलं. त्यात गवत किती वाढलं त्याचा फोटो आणि कापायला दिलेली मुदत होती. ती बाळंतपणातून नुकतीच उठली होती, जावई कामावर. फोनवर ती रडवेली झाली होती. "अण्णा, शेजारी समोर भेटले की हसतात, आणि फोटो काढून पत्र पाठवतात." मी विचारलं, गवत कोणतं? तर बर्म्युडा. सात समुद्रांपलीकडे माझी पोर हरळीपायी दंडाच्या धाकात होती. तिथल्या गावांचे नियम फार कडक असतात. फ्लोरिडातल्या डनीडिन नावाच्या गावात गवत दहा इंचांवर गेलं म्हणून एका घरमालकावर दिवसाला पाचशे डॉलरप्रमाणे तीस हजारांच्या घरात दंड चढला. उलट नेवाडा राज्यात, लास व्हेगसच्या वाळवंटात, पाणी संपत चाललं तेव्हा २०२१ मध्ये कायदाच झाला. रस्त्याकडेच्या आणि कार्यालयांपुढच्या नुसत्या शोभेच्या हिरवळीला २०२६ नंतर नदीचं पाणी मिळणार नाही. शंभर वर्षं हिरवळीचा आग्रह धरलेल्या देशाने हे शिकायला इतका वेळ घेतला. आपण तोच रस्ता पहिल्यापासून का चालावा?

त्या संध्याकाळी तिघांना मी अंगणात घेऊन गेलो. एकेक झाड दाखवलं. तरोट्याच्या पानामागे पिवळ्या फुलपाखराच्या अळ्या होत्या. त्यांच्यातल्या वहिनींनी घोळ लगेच ओळखली. त्यांची सासू आसोद्याची, ती घोळीची भाजी करायची. सापाचा मुद्दा मात्र मी मान्य केला. घोणस आमच्या भागात आहे, आणि लहान मुलं असलेल्या आईची भीती ऐकून घेतलीच पाहिजे. त्यामुळे चौघांत ठरलं ते असं : फाटकापासून दारापर्यंतची वाट आणि भिंतीलगतची तीन फुटांची पट्टी दर पंधरवड्याला विळ्याने घोट्याएवढ्या उंचीवर कापायची. विटा-लाकडांचा ढीग ठेवायचा नाही. कुठेही पाणी साचू द्यायचं नाही. मधला तुकडा दिवाळीपर्यंत तसाच. आणि गाजरगवत कुणाच्याही दारी दिसलं तरी फुलावर येण्याआधी, ओल्या मातीत, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा देशभर गाजरगवत निर्मूलनासाठी पाळतात, तोच आम्ही कॉलनीसाठी धरला. गेल्या वर्षी अकरा घरांतली माणसं आली.

ओपन स्पेसमध्ये आता नवीन लॉन आणलेलं नाही. हरळी आहे तीच कापतो. कडेने निंब आणि करंज लावले आहेत.

राहिला शेजारचा प्लॉट. त्याच्या मालकांना मी एप्रिलमध्ये पुण्याला फोन केला. म्हटलं, यंदा जेसीबी लावू नका, मला तरोट्याचं बी टाकू द्या. तरोटा दाट उगवला की गाजरगवताला दाबतो, हे कृषी विद्यापीठांनी तपासलेलं आहे, आणि त्याचं बी उन्हाळ्यातच टाकावं लागतं. पावसाळ्यात मेक्सिकन भुंगेही सोडू. हा पट्ट्यांचा लहान भुंगा १९८३ मध्ये बेंगळुरूला आणला गेला. तो गाजरगवताची पानं खातो. ते थोडे घुटमळले. "अण्णा, नोटीस आली तर?" मी म्हणालो, माझा नंबर द्या, मी येऊन दाखवतो.

गेल्या पावसाळ्यात शिरपूरच्या रस्त्याकडेला जमवलेलं चार किलो बी घरात होतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी ऊन चढायच्या आत, मी आणि त्या तिघांपैकी वयाने मोठे गृहस्थ, दोघांनी मिळून ते फेकलं. मृगाची पहिली सर उशिरा आली. पाचव्या दिवशी ते पहाटेच दारात उभे होते, चप्पल चिखलाने भरलेली. "अण्णा, चला लवकर. दोन पानांचं काहीतरी उगवलंय सगळीकडे. ते आपलं की गाजरगवत, मला काही कळत नाही."