लिंबाच्या झाडावरचे पाहुणे

फेब्रुवारी सरत आला की लिंबाला कोवळी पालवी फुटते आणि फुलपाखरांची ये-जा सुरू होते. काळ्या-पिवळ्या पंखांची मादी क्षणभर पानावर टेकते, मोहरीहूनही लहान असे फिकट पिवळे अंडे घालते आणि उडून जाते. तीन-चार दिवसांत त्यातून अळी निघते.

गेल्या वर्षी आम्ही अंगणातल्या लिंबावरच्या नऊ अळ्या दोन बरण्यांत घालून वर्गात ठेवल्या. तोंडाला जाळीचे कापड, तळाला कागद. रोज सफाई करायची, ताजा पाला द्यायचा. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पक्षी फसतात. मोठी झाली की ती हिरवीगार होते. डिवचले तर डोक्यामागून लाल, दुभंगलेले शिंग काढून उग्र वास सोडते. मुले बेहद्द खूश!

पुढची चूक आमचीच. झाड लहान, कोवळा पाला संपत आला. या अळ्या कढीपत्ताही खातात, म्हणून बाजारातून जुडी आणली आणि न धुता एका बरणीत ठेवली. सकाळी पाहतो तर तिच्यातल्या सातही अळ्या मेलेल्या. दुसऱ्या बरणीत लिंबाची शेवटची डहाळी होती, तिथल्या दोन वाचल्या. पाल्यावर फवारणी झालेली असणार. पाचवीतल्या एका मुलीने विचारले, “टीचर, हाच कढीपत्ता अम्मी दालच्या फोडणीला घालते ना?” आम्ही निरुत्तर झालो.

वाचलेल्या अळ्यांनी रेशमी धाग्याने स्वतःला काडीशी बांधून कोष केला. दहाव्या दिवशी शाळा भरतानाच एक फुलपाखरू बाहेर आले. पंख ओले, चुरगळलेले. मदतीला धावलेल्या मुलांना आम्ही थांबवले. पंख पसरून वाळण्याआधी हात लागला तर ते कायमचे अधू होऊ शकतात.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये राणी पाकोळीला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे हे देशातले पहिले राज्य. तिच्या अळ्याही लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतात. यंदा आम्ही शाळेच्या कुंपणालगत लिंबू आणि कढीपत्त्याची रोपे लावली आहेत, फवारणी अजिबात नाही.

बाजारातला पाला भरपूर पाण्याने धुऊनच वापरा. जमल्यास खिडकीत कढीपत्त्याची एक कुंडी ठेवा. अळ्यांनी चार पाने खाल्ली तर खाऊ द्या, उरलेली फोडणीला घ्या.